मत कुणाला, ते सांगितलं नाही

"त्ये लिवून द्या."

कुणी काही सांगितलं की मावशी तळहात पुढं करायच्या. चहावाला "पाच मिनिटांत आणतो" म्हणाला, तरी त्यालाही हेच. साताऱ्यात मी एका वकिलांकडे कारकून आहे. तिथं त्यांची ओळख झाली. कोर्टाच्या आवारात तोंडी शब्दावर विसंबून फसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशी त्यांतल्या नव्हत्या.

उंब्रजकडच्या एका शाळेत त्या बावीस वर्षं शिपाई होत्या. संस्थेचे अध्यक्ष ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना बोलावलं.

"मत कुणाला दिलंस?"

"आवं, त्ये सांगायचं नसतंय. म्हणून तर मशीन पुठ्ठ्याआड ठेवत्यात."

"मग उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"त्ये लिवून द्या."

त्यांनी काही दिलं नाही. मावशी मात्र रोज वेळेवर फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. आत कुणी घ्यायचं नाही. मग दर सोमवारी त्या आमच्याकडे येऊन माझ्याकडून पत्र टाइप करून घ्यायच्या, 'मी कामावर हजर आहे, मला आत घेत नाहीत,' आणि ते रजिस्टर पोस्टानं संस्थेला धाडायच्या. एक वेलांटी चुकली तरी कागद परत. "कोर्टाला चालंल, मला न्हाई चालायचं."

आमच्या वकिलांनी शाळा न्यायाधिकरणात दावा लावला, तेव्हा बाई स्वतःच काम सोडून गेली, असं संस्थेनं तिथं सांगितलं. ते मानलं गेलं. आम्ही हरलो. मला मावशींकडे बघवेना.

"याच्या वर कोर्ट हाय न्हवं?" त्याच म्हणाल्या. "मग तोंड कशाला पाडताय?"

उच्च न्यायालयात न्यायाधीशांनी पत्रांचा तो गठ्ठा स्वतः चाळला. मान वर करून संस्थेच्या वकिलांना विचारलं, "काम सोडून गेलेली बाई दर सोमवारी कामावर घ्या म्हणून लिहील का?"

तोंडी काढणं बेकायदा, बाईंना पुन्हा कामावर घ्या, असा निकाल झाला. मला एकदम रडू आलं. मावशींनी मलाच दटावलं, "आता रडत बसू नगा. सकाळी शाळा हाय माझी."

त्या सकाळी मी मुद्दाम सोबत गेलो. अध्यक्ष हेडमास्तरांच्या खोलीत होते. "या," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अहोजाहो! हेडमास्तरांनी खुर्ची दिली, मस्टर पुढं केलं.

मावशी गेल्या वर्षी निवृत्त होऊन फलटणला लेकीकडे गेल्या. त्या कामावर रुजू झाल्यापासून आमच्या ऑफिसात सोमवार सुनाच जातो. पण मला त्या अजून त्या खोलीतच दिसतात. खुर्चीत ऐसपैस बसलेल्या, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सावकाश लिहीत. आणि त्यांचं लिहून होईपर्यंत अध्यक्ष उभे.