सकवारबाईचे सात कुडम

चेन्नईलगतच्या अंबत्तूरच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये केळीची रोपं बाटल्यांत वाढत आणि त्या बाटल्या सकवारबाई धुवायची. तंजावरकडची मराठी बाई, वय पन्नास, जीभ धारदार. घरात कमावणारी ती एकटीच, त्यामुळे नवऱ्याचा आवाज फारसा चढत नसे.

२००३ साली चेन्नईत पाण्याची बोंब होती. टँकर दिवसाआड, तोही जावयासारखा रुसून-फुगून यायचा. लॅबचा मॅनेजर मंदार यानं फर्मान काढलं: महिनाअखेर पाणी निम्म्यावर आलं नाही, तर बाटल्या बंद, वापरून फेकायचे प्लास्टिकचे डबे आणायचे. म्हणजे सकवारबाईलाही फेकायचं. मंदार पुण्याचा, तेव्हा पहिला उपाय अर्थातच पाटी. ‘पाणी जपून वापरा’ असं इंग्रजीत छापून, प्लास्टिकमध्ये मढवून त्यानं ती धुण्याच्या खोलीत ठोकली आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

सकवारबाईला नोकरी सोडायची नव्हती. आणि तिचे डोळे उघडे होते. त्याच खोलीत शुद्ध पाणी बनवणारं काचेचं यंत्र होतं. लिटरभर शुद्ध पाणी देताना ते स्वतःला थंड ठेवायला दहा लिटर साधं पाणी घ्यायचं आणि गरमागरम गटारात सोडायचं. दोन डिग्र्यांच्या मंदारला ते गटार कधी दिसलं नव्हतं. तिनं त्याला विचारलंच नाही; विचारलं असतं तर त्यानं अर्धा तास जंतूंवर व्याख्यान दिलं असतं. घरून सात कुडम, म्हणजे प्लास्टिकच्या घागरी आणून तिनं यंत्राची गटारात जाणारी नळी त्यांत सोडली. गरम पाण्यानं बाटल्यांतली रोपांच्या खाद्याची चिकट जेली झटकन सुटायची. धुण्याच्या पाण्याचा हीटरही लावावा लागेना.

महिनाअखेर टँकर निम्मे झाले. मालकीण विद्युलता मॅडम बघायला आल्या.

“माझ्या पाटीचा परिणाम,” मंदार म्हणाला.

“कुठंय?”

भिंतीवर नुसते चार खिळे. पाटी एका कुडमवर झाकण होऊन बसली होती. मॅडमनी उचलली, तर खालून वाफ आली.

“सकवारबाई, हे काय?” मंदार ओरडला.

तिची जीभ अडखळली नाही. “अस्कं पाणी, सगळंच्या सगळं, गटारांत जात होतं, सार. म्हणून धरलं. उघडं ठेवलं की थंड होतं.”

मॅडम नळीमागून यंत्रापर्यंत गेल्या, कोरडं गटार पाहिलं आणि म्हणाल्या, “डबे रद्द. बाटल्या चालू राहतील, बाईही.”

सकवारबाईनं पाटी पुन्हा कुडमवर ठेवली. मग मंदारकडे वळली.

“सार, तसल्याच आणखी सहा पाट्या होणार, करून द्या.”