वन्संचा दुसरा भाग

जगात पहिल्या खेपेला काहीच धड होत नाही, यावर माझ्या नणंदेइतका भरवसा देवाचाही नसेल. पहिली भाकरी, पहिला चहा, पहिलं लेकरू, वन्संच्या लेखी सगळे कच्चे. थोरल्या लेकाला तोंडावर सांगतात, "तू पहिला भाग हायेस रे बाबा, लई उणं राहिलं तुझ्यात. धाकट्यात सुधारणा केली." त्या बिचाऱ्याला आता टक्कल पडलं, तरी ऐकून घेतो.

हे खूळ आलं व्हिडिओ गेममधून. गेवराईच्या स्टँडमागं त्यांचा गाळा, मी भिंतीला भिंत लावून राहते. दाजींनी, म्हणजे वन्संच्या मालकांनी, एकेकाळी तिथं मारामारीच्या खेळाची मशीन ठेवली होती. त्या खेळाच्या पहिल्या भागात गडी ठरलेला, तोच घ्यायचा. त्याच्या हातातून आग निघते म्हणायचे, पण कधी निघायची, कधी न्हाई. मग दाजींनी त्याच खोक्यात दुसऱ्या भागाचं सर्किट बसवलं. त्यात कितीतरी गडी, ज्याला जो आवडेल तो घ्या, प्रत्येकाची खोड निराळी. गडी हलवायचा दांडा खालून पुढं वळवून बटण दाबलं की आग हमखास. मात्र बटणं जास्त लागायची. दाजींनी खोक्याला भोकं पाडली आणि एक बटण कमी पडलं तिथं घराच्या दारावरची घंटेची कळ काढून लावली. सगळ्यात जोराची लाथ अजून त्या कळीनंच बसते, आणि घरी आलेला पाहुणा दार बडवत उभा राहतो. गिऱ्हाईक नसलं की नवराबायको समोरासमोर. वन्सं म्हणायच्या, "पहिल्यात आग दैवानं निघायची, वहिनी. दुसऱ्यात हात बसला की निघते."

पुढं पोरं मोबाइलला चिकटली. गाळ्यात पिठाची गिरणी आली, मशीन कोपऱ्यात पिठानं पांढरी होऊन राहिली. गिरणी चालू केली की पडद्यावरची माणसं हिवताप आल्यासारखी थरथरतात, म्हणून वन्सं खेळत असल्या की दळण बंद. डबे घेऊन आलेल्या बाया ताटकळतात. "काकू, सैपाक व्हायचाय अजून." "राउंड संपू दे, उपाशी न्हाई मरत कुणी!"

दाजी कामात असले की समोर उभी राहायला मीच. माझे गुडघे गेलेले. दुपारी जरा पाठ टेकली की भिंतीपलीकडून हाक, "वहिनी, काहून पडलाव? या!" जाऊन मी तळव्यानं सगळी बटणं एकदम हाणायची.

"मारताव का भाकरी थापताव?"

"भाकरी थापायलाच आणलं होतं मला तुमच्या माहेरी," मी म्हणायची, आणि हरायची.

मागच्या उन्हाळ्यात दाजींना झटका आला. डावा हात लोंबता, बोलणं जड. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा, नाहीतर तसाच राहील. रबरी चेंडू दिला, तो दाजींच्या मांडीवर पडून राहायचा. त्याहून वाईट म्हणजे वन्सं मऊ झाल्या. जन्मभर "ओ!" म्हणून खेकसणारी बाई "घेता का हो घोटभर?" म्हणायला लागली. ते ऐकलं की दाजी भिंतीकडं तोंड फिरवायचे.

मग वन्संनी त्यांना मशीनपुढं बसवलं. "आता ह्यांचा दुसरा भाग. हात बसेल." डाव्या हाताची बोटं दांड्याभोवती एकेक करून मिटवायच्या. दाजी कलंडू नयेत म्हणून मागून खांदे धरायला मी. पडद्यावर दाजींचा गडी उभा, त्याला मारायचं नाही म्हणून वन्संचाही उभा. वेळ संपायची, पुन्हा तेच. कुणी कुणाला हात लावत नाही अशी मारामारी रोज दुपारी बघायची म्हणजे काय शीण असतो, ते माझ्या पाठीला विचारा. हात हलेल यावरचा माझा तरी विश्वास उडाला होता.

एका दुपारी गडी निवडायचं चित्र आलं. दाजींची खूण, दांड्यानं सरकते ती, जागची हलली. थांबली. पुन्हा एक घर सरकली. सरकत सरकत त्या खेळातल्या एकुलत्या एका बाईवर गेली आणि दाजींनी उजव्या हातानं बटण दाबलं. ती बाई वन्संची, कायमची. एकानं घेतली की दुसऱ्याला मिळत नाही.

वन्संनी आपला दांडा सोडला. मग खेकसल्या, "ओ! ती माझी हाय! ठेवा माघारी!"

"आ... धी... घेतली," दाजी.

"दुखण्याचं सोंग करून चोऱ्या करताव व्हय? जन्मभर माझंच हिसकत आलाव!" डबेवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. दाजींचे खांदे माझ्या हाताखाली हलत होते. तेही हसत होते.

हात आला तो तेवढाच. शर्टाची गुंडी वन्संच लावतात. दांडा अजून खालून पुढं वळत नाही, आग काही निघत नाही. दाजींना आता दोन्ही बाजूंनी हात असलेली खुर्ची आणलीय, त्यामुळं मला कुणी बोलवत नाही. दुपारी निवांत पडते. भिंतीपलीकडं त्या बाईवरून दोघांचं जुंपलेलं असतं, डोळा लागत नाही. आणि मधेच आवाज थांबला की मी उठून बसते. पुन्हा "ओ!" ऐकू आलं, की आडवी होते.