'फॅसिनेटेड'चा वाक्यात उपयोग

रत्नागिरीसमोर आगबोटीने नांगर टाकला तेव्हा माझ्या पोटात काही म्हणता काही उरले नव्हते. बोट लागावी तर माझ्यासारखी! पडावात (उतारूंना किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत) उतरताना एक वहाण समुद्रात पडली. खलाशी म्हणाला, "जाव दे वो शेट, एक हाय ना पायात!"

एका वहाणेने मुलगी पाहायला निघालेला नवरदेव रत्नागिरीनेही पाहिला नसेल. बरोबर तात्यामामा होते. तांबड्या वाटेने, गडग्यांच्या (दगड रचून केलेल्या बुटक्या कुंपणांच्या) कडेकडेने बैलगाडी अण्णांच्या दारी आली. अण्णा मुलीचे वडील; माडांची बाग राखणारा साधा माणूस.

"या हो, दमला असाल. आधी फणस खावा," म्हणत त्यांनी कापा फणस पुढे ठेवला. मामांनी मांडी ठोकली ती ठोकलीच. दुर्गा पोहे घेऊन आली, बसली, तरी मामांचे लक्ष गऱ्यांतच. मी मात्र चोरून पाहिले आणि पार गारद झालो.

अखेर मामांना परीक्षेची आठवण झाली. "इंग्रजी शिकलीस म्हणे. फॅसिनेटेड म्हणजे काय?"

"भुरळ पडलेला."

"वाक्यात उपयोग कर."

तिने स्वच्छ इंग्रजीत वाक्य केले. अर्थ असा, की मुंबईच्या पाहुण्यांना फणसाची भुरळ पडली आणि मुलगी पाहायची राहिली.

मामांच्या हातातला गरा हातातच राहिला. "ठीक आहे. कळवतो," ते म्हणाले. मामांचे 'कळवतो' म्हणजे नकार, हे मला ठाऊक होते. 

रीत म्हणून त्यांनी मला विचारले, "तुला काही विचारायचंय?" अशा वेळी नवरदेवाने जमिनीकडे पाहून मान हलवायची असते.

मी म्हणालो, "मला नाही. पण यांना मला काही विचारायचं असेल तर?"

"तोच शब्द," दुर्गा म्हणाली. "वाक्यात उपयोग करा."

रोज मुलांना वाक्ये घालणारा मी मास्तर. आज परीक्षा माझी. विद्यार्थ्यासारखा उभा राहून इंग्रजीत म्हणालो, मला भुरळ पडली आहे, आणि हे कळवायला मुंबईला जायची गरज नाही.

अण्णांना इंग्रजी येत नव्हते. ते घाबरले. "काय गो, काय म्हणतायत?"

ती लाल झाली. "पसंत आहे म्हणतायत."

"आणि तुला गो?" आनंदाच्या भरात अण्णांनी भलतेच विचारले. मुलीला हे कोणी विचारत नसते.

"वाक्यात चूक नाही," म्हणून ती आत पळाली.

परतीच्या बोटीवर मामा माझ्यापासून लांब जाऊन बसले. रीत मोडल्याचा राग असणार. वाट पाहायला लावण्यात आपण वरपक्षाचा केवढा मान समजतो!

किनारा दिसेनासा झाल्यावर ते कठड्याशी माझ्याजवळ आले.

"तुझ्या मामीला मी महिनाभर 'कळवतो' म्हणून ठेवलं होतं."

"मग?"

"आवडली होती रे पहिल्याच दिवशी. अजून तिला सांगितलेलं नाही."