दांड्यावरची टोपी

कुठल्याही वस्तूला ते आधी उलटा हात लावायचे. दाराची कडी असो, नळ असो, चहाचा कप असो. आधी बोटांची मागची बाजू, मग पंजा. तुमच्या गावात एखादा जुना वायरमन असेल तर तुम्हीही हे पाहिलं असेल. मी एकदा विचारलं, "आवं, चहाला बी शॉक असतो का?"

"पंजाला करंट लागला की मूठ मिटती, मग सुटत न्हाई," ते म्हणाले. "उलट्या हाताला लागला तर हात मागं उडतो. सवय हाय. चहाला वेगळी कुठनं आणू?"

आमच्या चार गावांची मिळून एक वीज सहकारी संस्था आहे, तिचे ते वायरमन. माणूस जतच्या बाजूचा, घरी मेंढरं राखणारा. नोकरीला म्हणून कुंडलकडच्या आमच्या उसाच्या पट्ट्यात आले आणि इथलेच झाले. त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांच्या अगदी उलट. मला मुळात धीरच नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी बांधलीया. लाईट गेली की पाच मिनिटांत माझा फोन जायचाच. तिकडून ठरलेलं उत्तर, "घाई मोठी का जीव मोठा?"

"जीव मोठा, पण लाईट कवा येणार?"

यावर ते नुसते हसायचे. मला त्या हसण्याचा लय राग यायचा.

वार्षिक सभेत अध्यक्ष त्यांना सभासदांसाठी चार शब्द बोलायला उभं करायचे. "खांबाच्या ताणाला, त्या तिरक्या तारंला, म्हैस बांधू नका. तारंवर कापडं वाळत घालू नका. तार तुटून पडली तर लांब ऱ्हावा, मला फोन करा. पाडलेल्या स्विचला हात लावू नका." एवढं बोलून खाली. आमचं सगळ्यांचं लक्ष भज्यांच्या वासाकडं. दुसऱ्या दिवशी म्हैस त्याच ताणाला बांधलेली असायची. मग ते स्वतःच ती सोडून झाडाला बांधायचे आणि म्हशीला सांगायचे, "तू तरी ऐक गं बाई."

खांबावर चढण्याआधी ते डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, स्विच खाली पाडायचे आणि त्याच्या लोखंडी दांड्याला डोक्यावरची पांढरी टोपी अडकवायचे. टोपी दांड्यावर म्हणजे माणूस तारेवर, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काम झालं की स्वतः यायचे, टोपी काढून झटकायचे, डोक्यावर ठेवायचे आणि मगच स्विच वर करायचे.

त्या दिवशी विहिरीवर माझी पाण्याची पाळी होती. चार वाजेपर्यंत माझी, पुढं चुलतभावाची. ऊस माना टाकत होता आणि लाईट नव्हती. तीन वाजले, साडेतीन झाले. मी मोटरीपाशी जाऊन यायचो, बांधावर बसायचो, उठायचो, फोन लावायचो. फोन वाजत राहायचा. शेवटी तरातरा डीपीवर गेलो.

दांड्याला टोपी होती.

खोटं कशाला बोलू? त्या टोपीचा अर्थ मला ठाऊक होता. पण घाईत माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो. उतरले असतील, चहाला गेले असतील, टोपी विसरली असेल. मी ती काढली. टोपी भुईवर ठेवायची नसते, म्हणून शेजारच्या बोरीच्या फांदीला नीट अडकवली. टोपीची एवढी अदब राखली आणि दांडा वर केला.

धडाम्‌ आवाज झाला. डीपीतून धूर निघाला आणि उसातून त्यांची आरोळी ऐकू आली.

चढण्याआधी तारांवर करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी टाकायचा त्यांचा नेम होता, म्हणून जीव वाचला. पण दणक्यानं ते खांबावरून खाली आले आणि पाय मोडला. मी उसाची पानं तोंडावर घेत पळत गेलो. जाताना बोरीवरची टोपी ओढून घेतली होती, ती माझ्या हातात होती. त्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

कराडच्या दवाखान्यात मी त्यांच्या खाटेशेजारी रडलो आणि टोपी बोरीला अडकवण्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला. "ताप हाय तुमाला. घरी जावा."

"मी संस्थेत जाऊन सांगतो."

"काय सांगतासा? माणूस मारायला निघालो हुतो म्हणून? गावात जन्म काढायचाय तुमाला. टोपी वाऱ्यानं उडाली, कुणीतरी न बगता दांडा उचलला. मी सांगितलंय तसं." मग म्हणाले, "बोरीला अडकवलीसा व्हय? बरं केलंसा, चिखलात न्हाई टाकली."

मी संस्थेत गेलोच नाही. जन्मात पहिल्यांदा घाई केली नाही, आणि नेमकी तिथंच करायला हवी होती.

संस्थेनं ठपका त्यांच्यावर ठेवला. टोपीच्या भरवशावर चढणं हा निष्काळजीपणा, असं कागदावर आलं. स्विचला कुलपं बसली, हे चांगलंच झालं. पण लंगडत्या पायानं ते तक्रारीच्या फोनवर बसले आणि पुन्हा खांबावर चढले नाहीत. माझ्या फोनला मात्र तेच उत्तर मिळायचं, "घाई मोठी का जीव मोठा?" मी फोन ठेवून द्यायचो.

निवृत्त होऊन ते जतकडं गेले. गेल्या उन्हाळ्यात तिकडंच वारले.

यंदाच्या सभेत नवे वायरमन सुरक्षेवर बोलायला उभे राहिले. "पूर्वीचे एक वायरमन टोपी अडकवून चढायचे. टोपी वाऱ्यानं उडाली. असला हलगर्जीपणा..."

मला बसवेना. उठलो. "वारा नव्हता," मी म्हणालो. "टोपी मी काढली. त्यांनी आधी साखळी टाकली हुती. चूक त्यांची न्हाई, माजी हाय."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "आवं, माणूस गेलं. आता कशाला उकरतायसा?"

"सभेच्या इतिवृत्तात लिवा," मी म्हणालो. "त्यांच्या नावावरचा ठपका काढा, माज्या नावावर घाला."

कारकुनानं पेन उघडलं आणि पूर्ण नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. एकेक शब्द त्याचा लिहून होईपर्यंत थांबलो.