म्हशीची चाल

आमच्या तरुणपणी मेडशीत व्यायाम म्हणजे एस.टी.च्या मागं धावणं. हे मी थट्टेनं सांगत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गावात पोलीस भरतीची हवा होती, आणि आम्ही सात बिनकामाचे पोट्टे रोज सकाळी मालेगावला जाणाऱ्या गाडीची वाट बघत स्टँडवर सदरे चड्डीत खोचून उभे असायचो. गाडी हलली की आम्ही सुटलो. मागच्या खिडकीत आमचे वस्ताद बसलेले.

वस्ताद हा फार मोठा शब्द झाला. हा गृहस्थ मालेगावच्या एका कचेरीत शिपाई होता आणि त्याच गाडीनं कामावर जायचा. तरुणपणी त्यानं म्हणे मोठमोठ्या कुस्त्या बघितल्या होत्या. खेळला नव्हता, बघितल्या होत्या. तेवढ्यावर तो आमचा गुरू झाला. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून ओरडायचा, "ताना पोट्टेहो, ताना! तोंडाले फेस आला पाह्यजे!" गाडी नाल्याच्या पुलापलीकडे गेली की त्याचा आवाज बंद आणि आमचा व्यायामही बंद. मग आम्ही पुलाच्या कठड्यावर धापा टाकत बसायचो. एखादा ओकायचा. जो ओकला त्याची पाठ थोपटली जायची, आज यानं खरी मेहनत केली म्हणून. तिथून उठून थेट हॉटेलात, चहा आणि आलुबोंडा. सगळी मिळून धाव दीड फर्लांगाची, आणि भरतीत धावायचं होतं मैलभर. ही साधी गोष्ट सातांपैकी सहा डोक्यांत शिरली नाही. त्या सहांत माझं एक.

माझं तर बोलायलाच नको. वडिलांचं गावात कापडाचं दुकान, आम्ही जैन. सूर्य बुडायच्या आत जेवून घेणाऱ्या आमच्या घरात मी पोलीस व्हावं असं कोणालाच वाटत नव्हतं. खरं तर मलाही वाटत नव्हतं. गादीवर बसून दिवसभर लुगडी उलगडायचा आणि पुन्हा घड्या घालायचा कंटाळा आला होता, म्हणून मी धावत होतो. भरती झालो नसतो तर माझं काहीही बिघडणार नव्हतं.

एकाचं बिघडणार होतं. तो गावाबाहेरच्या वस्तीत राहायचा. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात वखर-डवरा हाकायचा आणि दिवाळी झाली की बायको आणि मुलगी घेऊन ऊसतोडीला निघायचा. त्या जूनमध्ये मुलीचं नाव पहिलीत घातलं होतं. ती पाटी घेऊन वस्तीभर मिरवायची. दिवाळीनंतर उसाच्या फडावर जायचं म्हणजे शाळा संपली, आणि मुलीला ज्याच्याजवळ मागं ठेवावं असं घरात कोणी उरलं नव्हतं. भरतीच्या वयाच्या अटीत तो या एकाच वर्षापुरता बसत होता. भरती झाली तर पोरगी शाळेत, नाही तर फडावर. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आषाढात त्यानं रोज गाडीमागं यायचं सोडलं. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. त्या दिवशी मात्र आमच्या सगळ्यांच्या पुढं असायचा आणि पुलावर पोचल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. बाकीचे दिवस काय करतो म्हणून मी एकदा सायकल घेऊन त्याच्या मागं गेलो. गडी शेताच्या गाडवाटेनं धावत होता, पण कसा? चालण्यापेक्षा जरासा जलद. तीन मैल जाणार, दिवसभर काम करणार, आणि तसाच तीन मैल परत येणार. मी बाजूनं सायकल चालवत होतो आणि तो धावता धावता माझ्याशी गप्पा मारत होता.

"दम नाई लागत काय बे तुले?"

"लागते ना शेठ. पन बोलता येईन इतकाच लागू देतो."

"मंग त्याचा फायदा काय?"

"बैल रोज दौडवले त पेरनीले काय जुपशीन? अन कधीच नाई दौडवले त शंकरपटात काय उतरवशीन? दोन दिवस दौड, बाकी दिवस चाल. बैलाचं जमते, त मानसाचं काहून नाई जमनार?"

शंकरपट म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यती. त्या वेळी मी काय म्हणालो असेन? "अबे, ही त म्हशीची चाल हाय!" दुसऱ्या दिवशी पुलावर मी त्याची नक्कल करून दाखवली, ढुंगण हलवत, मान डोलवत. सगळे पोट धरून हसले. त्याचं नाव म्हैस पडलं ते तेव्हापासून. वस्तादांच्या कानावर गेलं तर त्यांनी खिडकीतून निकाल दिला, "हळूहळू जानं हे बायकाइचं काम हाय." ज्या बायका डोक्यावर भारा घेऊन चार मैल चालत घरी यायच्या, त्यांच्याबद्दल हे बोलणारा माणूस स्वतः कचेरीत जायला गाडीत बसत होता.

आता डॉक्टर मला तेच सांगतात. बहुतेक दिवस बोलता येईल इतपत दम लागू द्या, एक-दोन दिवस बोलताच येणार नाही इतपत. तेही काचेच्या टेबलामागं बसून, जणू त्यांनीच शोधून काढलं. आणि त्यांचे रोगी तरी कसले! अर्धे मैदानात पांढरे बूट घालून सुनांच्या चहाड्या करत रेंगाळतात आणि त्याला व्यायाम म्हणतात. बाकीचे अर्धे सहा-सहा महिने गादीवर लोळून एका रविवारी अचानक घोड्यासारखे उधळतात आणि सोमवारी गुडघे धरून बसतात. आमच्या पुलावरच्या टोळीपेक्षा यांना काडीची जास्त अक्कल नाही.

पोळा झाल्यावर भरती होती, अकोल्याला. मैदानाला चार फेऱ्या होत्या. शिट्टी वाजली आणि आम्ही मेडशीकर जे सुटलो ते थेट एस.टी.च्या मागं लागल्यासारखे. पहिल्या अर्ध्या फेरीत आम्ही सगळ्यांच्या पुढं. वस्तादांनी पाहिलं असतं तर त्यांचे डोळे भरून आले असते. ज्याला आम्ही म्हैस म्हणायचो तो मात्र मागं होता, शेवटून चौथा-पाचवा, त्याच आपल्या चालीनं. तोंड मिटलेलं, हात कमरेच्या वर हलके हलत होते. वळणावर मला तो दिसला आणि मला राहवलं नाही. मी मागं वळून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अबे म्हैस, पळ की बे! कायले आली इथं?"

कडेला उभे असलेले शे-दीडशे लोक हसले. त्यानं वर पाहिलं. त्याचं तोंड रागानं की लाजेनं काळंनिळं झालं, आणि मग तो सुटला. मला ओलांडून गेला, सगळ्यांना ओलांडून गेला. मी दुसऱ्या फेरीतच चुन्याच्या रेघेवर बसून ओकलो. बसल्या बसल्या पाहत होतो. तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जड झाले. चौथीत तो वाकडातिकडा पडत-उठत येत होता, आणि जे सुरुवातीला त्याच्यासोबत मागं होते ते एकेक करून त्याच्या पुढं निघून गेले. साहेबानं हवे तेवढे मोजले आणि काठी आडवी घातली. तो काठीपासून चार पावलं मागं होता.

दुपारच्या गाडीनं आम्ही परत निघालो. बाकीचे मैदानाला, उन्हाला, साहेबाच्या शिट्टीला शिव्या देत होते. नापास झालेल्या माणसाला दुसऱ्याचा दोष किती लवकर सापडतो! तो माझ्या शेजारी खिडकीशी होता. पातूर मागं पडलं. मग हळूच म्हणाला,

"शेठ, सुरवातीले मी बराबर धावून राह्यलो होतो ना? तसाच राह्यलो असतो त झालं असतं ना?"

मला उत्तर माहीत होतं. चुन्याच्या रेघेवर बसलो होतो तेव्हाच कळलं होतं. हो म्हटलं असतं तर त्याचा पुढचा प्रश्न माझ्या हाकेबद्दल असता. आज एवढ्या वर्षांनी लिहितानाही मला माझी किळस येते, पण मी जे बोललो ते बोललो.

"नाई बे. लय मांगं होता तू. मी हाक नसती मारली त इतकाही नसता आला."

त्यानं बाहेर तुरीच्या शेतांकडे एकदा पाहिलं. मग माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाला,

"बरं झालं मंग, तू हाक मारली."