मागच्या रॅकवरची गिऱ्हाइकं

पॅकिंगच्या टेबलावर तीन वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. कोणाला तरी सांगावेसे वाटतात, म्हणून तुम्हाला पकडलंय. बायको गेल्यावर गोडदेव भागातल्या या गाळ्यात कामाला लागलो.

मालक जिग्नेश ऑनलाइन माल विकतो. पुढे मोबाइल कव्हरं, रोज गोणी भरून जातात. मागे एक रॅक, वर्षातून दोनदा खपणाऱ्या वस्तूंचा. त्यातली ऑर्डर आली की फोन करून कन्फर्म करायची, कारण पार्सल परत आलं तर दुसरं गिऱ्हाईक नाही. कव्हरवाल्यांना कोण फोन करतो? माझं बोलणं काय ते या मागच्या गिऱ्हाइकांशी.

साताऱ्याच्या एका बाईंनी स्टोव्हच्या वाती मागवल्या. म्हटलं, "अजून स्टोव्ह वापरता?"

"नाही हो. सासूबाई रोज विचारतात, वाती आल्या का. एकदा आल्या म्हणून सांगायचंय."

नागपूरच्या एका गृहस्थांना डावखुऱ्यांची कात्री हवी होती. मी पत्ता विचारला, त्यांनी शाळेत डाव्या हातावर खाल्लेल्या पट्ट्यांचा हिशेब दिला. अर्धा तास. शेवटी म्हणाले, "साठी झाली. आता तरी सरळ कापून बघतो."

मग जिग्नेशने फर्मान काढलं. "काका, महिन्यात पीछे का एक पण ऑर्डर नाही आला, तर तिथे पण कव्हर लावू."

मी तणतणलो, "अरे, कव्हर गल्लीतला कोणीही विकतो. वाती कोण विकतो?"

"कोई लेता भी नहीं, काका."

मी पुढचं कव्हर पॅक करायला घेतलं.

पंचवीस दिवस एक ऑर्डर नाही. रात्री भात टाकताना लक्षात यायचं, आज आपण कोणाशी बोललोच नाही. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

सव्विसाव्या दिवशी मी बायकोच्या नावाने मागच्या रॅकवरचं एक भिंग मागवलं. तिचा नंबर मी चालू ठेवलाय, फोन खिशातच असतो.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर कन्फर्म करायला उठलो, तर जिग्नेश म्हणाला, "बैठो काका, आज मी करतो." त्याने नंबर लावला. माझा खिसा वाजायला लागला.

तो टेबलापलीकडे, दोन हातांवर. माझ्याकडे बघत राहिला, पण फोन कट केला नाही. मी उचलला.

"हॅलो, भिंगाचा ऑर्डर कन्फर्म करना था."

"हो. कन्फर्म."

"पार्सल घ्यायला घर पे कोई होगा?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नसतं."

"मग रॅकवरच राहू दे. महिन्याचा ऑर्डर आला," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.