सोनी, फौजदार आणि पाण्याचा दिवस

गेल्या बुधवारी आमच्याकडे पाणी आलं, तेव्हाची ही गोष्ट. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको… पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, त्या दिवशी घरात कुणी कुणाचं नसतं.

आधी मांजरांची ओळख करून देते. सोनी घरातली. सासूबाईंच्या पायथ्याशी झोपते, साय लागते, आणि तीही गार चालत नाही. लाइट गेली, पंखा थांबला की आमच्याकडे बघून ओरडते, जणू वायरमन आम्हीच आहोत. दिवसभर तोंड चालू असतं तिचं. त्यामुळे तिच्या ओरडण्याकडे कुणी लक्ष देत नाही, मी तर नाहीच. मला मांजरांचं फारसं कौतुक नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

फौजदार बाहेरचा. हे नाव सासूबाईंनी ठेवलं. एक कान अर्धा तुटलेला, मान वर, आणि गल्लीत रोजची गस्त. आवाज म्हणून कधी ऐकला नाही. शिळी भाकरी दुधात कुस्करून अंगणात ठेवली तर खातो, पण आपण समोर उभं राहिलो तर खात नाही. उंबरा त्याने कधी ओलांडला नाही आणि आम्हीही कधी बोलावलं नाही.

त्याची एकच हक्काची जागा… जिन्याखालचा हौद. वर शहाबादी फरशीचं झाकण आहे, सावलीत असतं, त्यामुळे भर मे महिन्यातही गार. दुपारभर तिथे पसरलेला असतो. माणूस जवळ गेला की मात्र उठून भिंतीवर.

तर बुधवारी सकाळी नवरा आतल्या पायऱ्यांनी रिकाम्या हौदात उतरून खराट्याने तळ घासत होता. मी अंगणातल्या नळापासून स्वयंपाकघरातल्या पिंपापर्यंत पाइप टाकला. पाइप आला की पुढचं दार लागत नाही, ते उघडंच राहतं. नवरा वर येऊन हातपाय धूत होता, तेवढ्यात समोरच्या पद्माक्का ओरडल्या, “वहिनी, पाणी आलं!” आणि एकच धावपळ.

“आधी झाकण लावा,” मी नवऱ्याला म्हटलं, “नाहीतर तो फौजदार पडेल आत.” त्याने फरशी ओढली, हौदाचा कॉक सोडला. फौजदार लगेच येऊन फरशीवर बसला. मी पिंपाकडे पळाले.

अर्ध्या तासाने सासूबाई आतून बाहेर आल्या. “सोनी कुटं हाय गं? आवाज न्हाय तिचा.”

तेव्हा लक्षात आलं, घर खरंच शांत होतं. मी म्हटलं, “येईल हो आई, जाते कुठे.” मला नऊला शाळेत शिकवायला पोचायचं होतं, डोक्यात तेच. पण त्यांनी फ्रिजमागे पाहिलं, कपाट उघडलं, गाद्या उचलल्या, आणि मग चप्पल न घालता रस्त्यावर गेल्या. माहेर अक्कलकोटकडचं, मांजराशी त्या कानडीतच बोलतात. “सोनी, बा… बा गं…” गल्लीच्या टोकापर्यंत ‘ये, ये’च्या त्या हाका ऐकू येत होत्या. सासरे गेल्यापासून त्यांच्या खोलीत दुसरं कोण आहे, हे मला त्या हाका ऐकताना कळलं. मग मीही शाळा विसरून शोधायला लागले.

इकडे नवरा हौद किती भरला ते बघायला गेला. फौजदार उठेना. एरवी सावली पडली तरी पळणारा… त्या दिवशी फिस्कारला. नवऱ्याने खराट्याने बाजूला केला तेव्हा हातावर एक ओरखडाही मिळाला. फरशी सरकवली आणि त्याने मला हाक मारली.

हौदाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर सोनी उभी होती. चिंब भिजलेली, पाणी तिच्या पोटापर्यंत आलेलं. सायीसाठी घर डोक्यावर घेणाऱ्या मांजराच्या तोंडून चकार शब्द नाही.

मी हात घातला, ती सरळ खांद्यावर चढली. नखांच्या खुणा अजून आहेत. झाकण लावा म्हणणारी मीच होते, बाहेरचा पडू नये म्हणून घरातलं आत कोंडलं… मी तिथेच जिन्यावर बसून रडले. हे लिहायला जरा जड जातंय, पण रडले.

सासूबाईंचं ठाम मत आहे की फौजदाराने पहारा दिला. “त्यो उठला न्हाय म्हून वाचली की!” नवरा म्हणतो, त्याला फक्त गारवा हवा होता. मलाही तसंच वाटतं. फिस्कारला का, ते मात्र आम्हाला दोघांनाही सांगता येत नाही. त्याला वाटीभर साय मिळाली. आम्ही आत गेल्यावर त्याने ती खाल्ली.

हौद रिकामा करायची भाषा कुणी केली नाही. सोलापुरात राहतो आम्ही. ते पाणी पाच दिवस पुरवून वापरलं.

काल पुन्हा पाणी आलं. पद्माक्कांची हाक आली, फरशी लावून झाली, नवऱ्याचा हात कॉकवर… आणि आम्ही तिघंही न ठरवता गप्प उभे राहिलो. नळ वाहत होता, पाणी वाया जात होतं, तरी कुणी हललं नाही.

मग आतून सोनी ओरडली, नेहमीसारखी, कर्कश.

“सोडा आता,” मी म्हटलं.